कार्यकर्ता झालेला नट आणि सोलापूरची जबाबदारी

सोलापूरच्या हौशी रंगभूमीवरची काही चांगली नटमंडळी दर काही वर्षांनी वस्त्यांकडे वळतात. कोणी बिडी कामगार महिलांच्या संघटनेत जातो, कोणी यंत्रमाग कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवतो, कोणी भटक्या-विमुक्तांच्या जातीच्या दाखल्यांसाठी तहसील कचेरीचे उंबरे झिजवू लागतो. अशा माणसाविषयी हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहाच्या आवारात, राज्य नाट्य स्पर्धेच्या मध्यंतरात जे बोलले जाते ते ठरलेले असते: मुलगा गुणी होता, चळवळीत गेला आणि वाया गेला. चळवळीतल्या जुन्या माणसांच्या लेखी तो ‘नाटकवाला’ असतो. मोर्च्याआधी गर्दी जमवायला आणि वक्ता येईपर्यंत लोक धरून ठेवायला तो उपयोगी. पण मागण्यांचे निवेदन ठरवताना किंवा वाटाघाटीला बसताना त्याला कोणी विचारत नाही. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांचे नुकसान त्या एकट्या नटाचे होत नाही, साऱ्या शहराचे होते. रंगकर्मी कार्यकर्ता झाला की त्याचे नाटक सुटलेच पाहिजे असा काही नियम नाही. त्याचे नाटक हीच त्याच्या कामाची खरी ताकद असते, आणि ते सुटू नये म्हणून जागा, वेळ आणि पोटापाण्याची सोय पाहणे हे महापालिकेचे, कामगार संघटनांचे आणि नाट्यसंस्थांचे काम आहे, असे मला या लेखात मांडायचे आहे.

कला आणि चळवळ यांची अशी फारकत या जिल्ह्याच्या स्वभावात मुळात नव्हती. शाहीर राम जोशी याच शहरातले. वैदिक घराण्यातला हा माणूस लोकलाजेची पर्वा न करता तमाशाच्या फडावर उभा राहिला. त्यांना कोणी कार्यकर्ता म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. पण जातीने आखून दिलेली रेघ कलेच्या ओढीने ओलांडता येते हे या शहराने फार लवकर पाहिले. बार्शीच्या शाहीर अमर शेख यांची गोष्ट तर थेट आपल्या विषयाची आहे. मेहबूब हुसेन पटेल हे त्यांचे मूळ नाव, जन्म १९१६ चा. गिरणीत काम करताना ते कामगारांच्या लढ्यात उतरले, आणि १९४४ साली अण्णा भाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकात उभे राहिले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज गावोगाव पोहोचला. त्यांच्यात कलावंत कुठे संपतो आणि कार्यकर्ता कुठे सुरू होतो हे सांगणे अवघड आहे, आणि त्या काळच्या प्रेक्षकांनाही तसा प्रश्न पडत नसावा. गिरणीचा भोंगा, कामगारांची सभा आणि शाहिराची डफ-तुणतुण्याची साथ या तिन्ही गोष्टी त्यांच्या एकाच दिवसात मावत होत्या.

हा धागा तुटण्याची कारणे कलेत शोधण्यात अर्थ नाही. सोलापूरच्या मोठ्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी १९६० च्या दशकात थांबली. पुढच्या काही दशकांत नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी-विष्णू यांचीही तीच गत झाली. गिरणी बंद पडते तेव्हा पगाराबरोबर एक संपूर्ण दिनक्रम बंद पडतो. एका पाळीत सुटणारे हजारो लोक, त्यांची संध्याकाळ, त्यांची भजनी मंडळे, मेळे, तालमी आणि नाटके एकमेकांना धरून होती. आज तोच कामगार घरामागच्या चार-आठ यंत्रमागांवर बारा-बारा तास उभा आहे, आणि त्याची बायको किंवा आई मांडीवर सूप घेऊन घरातच बिड्या वळते आहे. एकाच कामावर असलेली माणसे एकत्र जमण्याची जागाच उरलेली नाही. म्हणून आज वस्तीत जाणाऱ्या रंगकर्मीचे पहिले काम प्रयोग करण्याचे नसून माणसे एका खोलीत आणण्याचे असते, आणि हे काम भाषणापेक्षा तालमीने फार चांगले होते.

तालमीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला पथनाट्य तेवढे दिसते आणि तालीम दिसत नाही. पूर्व भागातल्या एका वस्तीत एका कार्यकर्त्या नटाने बिडी कामगार महिलांबरोबर बसवलेल्या नाटुकल्याची तालीम मी जवळून पाहिली आहे. प्रसंग रोजचाच होता. कारखान्याच्या शाखेवर वळलेल्या बिड्या जमा करताना चेकर काही बिड्या नापास करून ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो, आणि त्यांची मजुरी मिळत नाही. चेकरच्या भूमिकेत हा नट स्वतःच उभा राहिला. त्याने आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, बिड्यांच्या जुड्या भिरकावल्या. नाटकाच्या हिशेबाने सगळे चोख होते. बायका हसल्या. मग त्यातली एक, घरी तेलुगू बोलणारी पन्नाशीची बाई, उठली आणि म्हणाली, “अण्णा, तो ओरडत नाही की हो. ओरडला असता तर आम्हीपण ओरडलो असतो. तो वर बघतच नाही.” तिने खुर्ची घेतली, मान खाली घातली, एक जुडी उचलली, अंगठ्याने बिडीचे तोंड दाबून पाहिले आणि कोणाकडेही न पाहता ती डाव्या हाताच्या टोपलीत टाकली. मग दुसरी. मग तिसरी. खोलीत कोणी हसले नाही. पुढचा अर्धा तास त्या बायका ‘वर न बघणाऱ्या माणसाशी बोलायचे कसे’ यावर बोलत होत्या: एकटीने बोलायचे की चौघींनी मिळून, टोपली मध्येच धरायची का, नापास केलेली बिडी परत मागायची का, परत दिली नाही तर ती मोडून टाकायला लावायची का. त्या अर्ध्या तासात जी मागणी तयार झाली ती अशी होती की नापास केलेला माल बाईच्या देखत मोडावा, कारण तोच माल पुढे विकला जात असेल तर तिची मजुरी फुकट गेली. ही मागणी कोणत्याही नेत्याने त्यांना आणून दिलेली नव्हती.

रंगकर्मी कार्यकर्त्याकडे जे असते आणि इतरांकडे सहसा नसते ते या प्रसंगात दिसते. स्वतः केलेला अभिनय चुकीचा ठरवला गेला तर मागे सरकायची सवय नाटकातल्या माणसाला असते. दिग्दर्शकाने दहा वेळा ‘पुन्हा’ म्हटलेले त्याने ऐकलेले असते. एकच प्रसंग पाच तऱ्हांनी करून पाहण्याचा धीर त्याच्याकडे असतो. दुसऱ्याचे शरीर काय सांगते आहे हे वाचायला तो शिकलेला असतो. सभेत बोलायला उभी राहायला घाबरणारी बाई तालमीत खुर्चीवर बसून चेकर होते, कारण ते ‘नाटकातले’ असते, आणि तिथे तिला कोणी निवेदन नीट मांडा असे म्हणत नाही. सोलापूरसारख्या शहरात याला आणखी एक महत्त्व आहे. इथल्या एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी या चारही भाषा नांदतात. मराठीतले भाषण अर्ध्या गल्लीला पुरते कळत नाही. पण मान खाली घालून टोपलीत पडणारी बिडी सगळ्यांना कळते.

या कामाला एक नैतिक अटही आहे, आणि ती जगातल्या एका मोठ्या रंगकर्मीने स्वतःवर ओढवलेल्या प्रसंगातून शिकवली. ब्राझीलचे आगुस्तो बोआल आपल्या तरुणपणी ईशान्य ब्राझीलमधल्या शेतकऱ्यांसमोर एक जोशपूर्ण नाटक करत होते. जमीन परत मिळवण्यासाठी रक्त सांडले पाहिजे, असे गाणे म्हणत नटांनी हातातल्या बंदुका उंचावल्या. प्रयोगानंतर एक शेतकरी पुढे आला आणि म्हणाला, चला, तुमच्या बंदुका आणि आमचे लोक मिळून जमीनदाराला हुसकून लावू. बंदुका लाकडाच्या होत्या. तसे सांगितल्यावर तो म्हणाला, बंदुका खोट्या असल्या तरी तुम्ही खरे आहात ना, आमच्याकडे बंदुका आहेत, तुम्ही या. ते गेले नाहीत. बोआल यांनी ही गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा सांगितली. ज्या धोक्यात आपण स्वतः उभे राहणार नाही तो धोका पत्करायला दुसऱ्याला सांगायचा नाही, हा तिचा मथितार्थ. त्यानंतरच्या त्यांच्या नाट्यपद्धतीत प्रेक्षक स्वतः उठून पात्राची जागा घेतो आणि आपला उपाय करून दाखवतो. १९९३ ते १९९६ या काळात ते रिओ दि जानेरोच्या नगरसभेत सदस्य होते. वस्त्यावस्त्यांतल्या नाट्यगटांतून पुढे आलेल्या सूचनांचे त्यांनी कायद्याचे मसुदे केले आणि त्यांतले तेरा संमत झाले. त्यातली एक गोष्ट अंध व्यक्तींच्या गटाने सुचवली होती. रस्त्यावरच्या सार्वजनिक टेलिफोनची पेटी खांबाला वर अडकवलेली असल्याने पांढऱ्या काठीला ती लागत नसे आणि डोके थेट पेटीवर आपटे. म्हणून पेटीखाली जमिनीवर ओटा हवा, म्हणजे काठीला तो आधी लागेल. ही मागणी एखाद्या अभियंत्याला सुचली असती असे मला वाटत नाही. ती सुचण्यासाठी डोके आपटलेला माणूस रंगमंचावर यावा लागला.

आपल्याकडे याचे सर्वांत जवळचे आणि सोलापूरने मनावर घ्यावे असे उदाहरण अहमदाबादच्या छारानगरचे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले त्यांत छारा होते, तशा आपल्याकडच्या कंजारभाट, कैकाडी, टकारी, पारधी अशा कितीतरी जमाती होत्या. सोलापूरची तारेच्या कुंपणाची सेटलमेंट ही मुंबई इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक. तिथल्या माणसांना हजेरी द्यावी लागे, आणि इथल्या गिरण्यांना त्यांच्यातून मजूर मिळत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला, पण ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव आजही पत्त्यावर लिहिले जाते आणि नोकरी मागायला गेलेल्या पोराच्या अर्जावर ते वाचून समोरच्या माणसाच्या कपाळावर आठी उमटते. छारानगरची स्थितीही वेगळी नव्हती. फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या खेडिया सबर जमातीच्या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. बंगाली लेखिका महाश्वेता देवी यांनी ते प्रकरण लावून धरले आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने चौकशीचा व नुकसानभरपाईचा आदेश दिला. त्याच वर्षी महाश्वेता देवी आणि भाषाअभ्यासक गणेश देवी यांच्या प्रेरणेने छारानगरात एक छोटे वाचनालय सुरू झाले, आणि त्या वाचनालयात जमणाऱ्या मुलांनी बुधनच्या मृत्यूवर नाटक केले. त्यातून बुधन थिएटर उभे राहिले. दक्षिण बजरंगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची पंचवीसहून अधिक वर्षे त्यात घातली आहेत. हे लोक आधी नट झाले की आधी कार्यकर्ते, याचा उलगडा होत नाही. ज्या वस्तीत पोलीस आले की दारे बंद व्हायची त्या वस्तीतली मुले पोलिसाची भूमिका करू लागली, आणि ते नाटक पोलीस अधिकाऱ्यांसमोरही करू लागली. यापेक्षा मोठे सामाजिक काम कोणत्या योजनेतून झाले असते?

सोलापूरच्या सेटलमेंटमधून नट, वादक, खेळाडू निघालेले नाहीत असे नाही. पण तिथे छारानगरसारखी टिकून राहिलेली, वस्तीच्या मालकीची नाट्यसंस्था नाही. असे का, याचे उत्तर मला गुणवत्तेत दिसत नाही. छारानगरच्या गोष्टीत नाटकाच्या आधी वाचनालय आहे; म्हणजे चार भिंती, एक कुलूप आणि त्याची किल्ली वस्तीतल्या मुलांच्या हातात. ही बाब वाचताना सहज निसटते, पण माझ्या मते सारे काही तिथे आहे.

याउलट सोलापुरात वस्तीत काम करणाऱ्या रंगकर्मीपुढे आज जी वाट मोकळी आहे ती कंत्राटाची. स्वच्छता, मतदार जागृती, कुटुंबकल्याण, डेंग्यू अशा मोहिमांसाठी शासकीय खाती पथनाट्ये करून घेतात. विषय वरून येतो, मजकूर वरून तपासला जातो, प्रयोगांची संख्या आणि छायाचित्रे जोडून देयक सादर करायचे असते. मी या कामाला कमी लेखत नाही. कित्येक कलावंतांच्या घरची चूल त्यावर पेटते, आणि डेंग्यूची माहिती लोकांना मिळणे चांगलेच आहे. पण हेच काम रंगकर्मीचे एकमेव काम झाले की काय होते ते पाण्याच्या उदाहरणावरून पाहता येते. उजनीसारखे शंभर टीएमसीहून अधिक क्षमतेचे धरण जिल्ह्यात असताना सोलापूरच्या नळांना कित्येक वर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येत राहिले आहे. ज्या बाईने पाण्यासाठी रात्री दोन वाजता उठून पिंप भरले तिच्यासमोर उभे राहून ‘पाणी जपून वापरा’ असे गाणे म्हणायचे, हे त्या नटाला स्वतःलाही पटत नाही आणि तिला तर मुळीच पटत नाही. तिच्याकडे या विषयावर सांगण्यासारखे पुष्कळ आहे: कोणत्या गल्लीला जास्त वेळ पाणी मिळते, मोटारी कोण लावतो, पाणी सोडणाऱ्याला कोणाचा फोन गेला की वेळ बदलते. मंजूर संहितेत या गोष्टींना जागा नसते. लोकांचे ऐकणे हे ज्याचे बळ, त्याला लोकांना ऐकवण्याच्या कामावर जुंपले जाते, आणि दोन-तीन वर्षांत वस्तीही त्याच्याकडे ‘सरकारी माणूस’ म्हणून पाहू लागते.

आता रंगभूमीच्या बाजूने घेतल्या जाणाऱ्या आक्षेपाकडे वळतो. चळवळीत गेलेल्या नटाची कला बोथट होते, नाटकाची जागा घोषणा घेते, पात्रांची जागा बाहुल्या घेतात, असे म्हटले जाते. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. मालक म्हणजे पोट सुटलेला आणि खलनायकी हसणारा, कामगार म्हणजे मूठ आवळलेला, अशी कितीतरी पथनाट्ये मी पाहिली आहेत आणि ती पाहताना बिडी वळणाऱ्या त्या बाईचेच वाक्य पुन्हा पुन्हा मनात येते. पण या दुबळेपणाचे कारण चळवळ नव्हे. तालीम न होणे हे आहे. दिल्लीचे पथनाट्यकार सफदर हाश्मी यांच्या जन नाट्य मंचाचे ‘मशीन’ हे १९७८ चे नाटक काही मिनिटांचे आहे, पण यंत्राच्या भागांसारखे हलणारे नट आणि मध्येच थांबणारे ते यंत्र ही कल्पना घोषणेतून येत नाही. ती रंगभाषेच्या अभ्यासातून येते. त्याच हाश्मींवर १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीजवळच्या झंडापूरला प्रयोग चालू असताना हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ३४ वर्षांचे होते. राम बहादूर नावाचा एक कामगारही त्या हल्ल्यात मारला गेला, आणि त्याचे नाव आपण फार कमी घेतो. ४ जानेवारीला हाश्मींच्या पत्नी मलयश्री हाश्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जागी जाऊन अर्धवट राहिलेला प्रयोग पूर्ण केला. कला बोथट झालेल्या माणसांना हे करता येत नाही.

महाराष्ट्रातले उदाहरण घ्यायचे तर ज्योती म्हापसेकर यांचे घ्यावे लागेल. १९७५ साली स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेच्या त्या एक संस्थापक, आणि त्यांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ पासून महाराष्ट्रभर गेले. त्यात काम करणाऱ्या बायका संघटनेच्या कार्यकर्त्याच होत्या. नाटक संपल्यावर बायका थांबून बोलू लागत, आणि ज्या बोलत त्यांच्या घरचे प्रश्न प्रयोगाने सुटणारे नव्हते; संघटनेला समुपदेशनाची केंद्रे उभारावी लागली. पुढे याच संघटनेने मुंबईतल्या कचरावेचक महिलांना संघटित करण्याचे मोठे काम हाती घेतले. नाटकाने दार उघडले आणि मग आत जाऊन राहावे लागले, असा हा प्रवास आहे. म्हणूनच रंगकर्मी वस्तीत गेला म्हणजे रंगभूमीचा एक माणूस कमी झाला असे मोजणे मला खुजेपणाचे वाटते.

हे सगळे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत कठीण आहे. हा माणूस जगायचा कसा? नाट्यसंस्थेत होता तेव्हा तो दिवसा बँकेत, शाळेत किंवा दुकानात असे आणि संध्याकाळी तालमीला येई. वस्तीतले काम संध्याकाळपुरते राहत नाही. कोणाचे शिधापत्रिकेचे काम, कोणाला सिव्हिल हॉस्पिटलला न्यायचे, कोणाच्या मुलीला घरच्यांनी दहावीनंतर घरी बसवलेले. नोकरी आधी अर्धी होते, मग जाते. घरात कुरकुर सुरू होते आणि तिच्यात तथ्य असते. स्त्री कलावंताच्या बाबतीत तर हे ओझे दुप्पट आहे. रात्री नऊपर्यंत तालीम करून वस्तीतून परतणाऱ्या मुलीला घरी, गल्लीत आणि संघटनेतही उत्तरे द्यावी लागतात, आणि लग्न ठरले की तिचे काम बहुधा तिथेच थांबते. सोलापुरात वस्तीकाम करणारे जे रंगकर्मी टिकले त्यांत पुरुष जास्त का आहेत, याचे कारण शोधायला फार लांब जायला नको. राज्य शासनाची ज्येष्ठ कलावंतांसाठीची मानधन योजना आहे, पण ती पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी. ज्याला तिशीत नोकरी सोडावी लागली त्याने पुढची वीस वर्षे काय खावे?

याचे एक उत्तर महाराष्ट्राच्या रंगभूमीनेच देऊन ठेवले आहे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकारी कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग महाराष्ट्रभर केले ते सामाजिक कृतज्ञता निधी उभा करण्यासाठी. बाबा आढाव आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासारखी माणसे त्यामागे होती. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्याला दरमहा मानधन मिळावे म्हणून लोकप्रिय नटांनी एक विनोदी नाटक गावोगाव नेले, आणि लोकांनी तिकिटे काढली. निळू फुले स्वतः राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले. त्यांना कलावंताने कार्यकर्त्यासाठी घाम गाळणे यात विशेष काही वाटले नसावे. सोलापुरात असा शहरापुरता निधी उभा राहायला काय हरकत आहे? इथे नाटकाला प्रेक्षक आहे, राज्य नाट्य स्पर्धेचे केंद्र आहे, जानेवारी २०२४ मध्ये शंभराव्या नाट्य संमेलनानिमित्ताने झालेले विभागीय संमेलन इथल्या रसिकांनी भरभरून साजरे केले. या शहरातून मुंबईत जाऊन नाव कमावलेले कलावंतही आहेत. वर्षातून दोन-तीन प्रयोगांचे उत्पन्न या कामासाठी राखले, आणि त्यात कामगार संघटनांनी आपल्या वर्गणीतला ठरावीक वाटा घातला, तरी तीन-चार माणसांचा महिना निघू शकेल. संघटनांचा वाटा मी मुद्दाम म्हणतो. ज्या संघटनांनी बिडी कामगारांसाठी कुंभारीला हजारो घरांची वसाहत उभी करून दाखवली त्यांना एका रंगकर्मीचे मानधन जड नाही; अडचण पैशांची नाही, त्याचे काम हे ‘खरे काम’ मानण्याची आहे. निधी देणाऱ्यांनी मात्र विषय ठरवू नये. पैसे संघटनेचे म्हणून संघटनेतल्या पुरुषांच्या वागण्यावर नाटक करायचे नाही, असे होता कामा नये.

महापालिकेकडून अपेक्षा पैशांची कमी आणि जागेची जास्त आहे. सोलापुरात जवळपास प्रत्येक मोठ्या वस्तीत समाजमंदिर आहे आणि महापालिकेच्या शाळा आहेत, ज्यांच्या खोल्या संध्याकाळी बंद असतात. समाजमंदिराची किल्ली बहुतेक ठिकाणी स्थानिक पुढाऱ्याच्या माणसाकडे असते, आणि पाण्यावर नाटक बसवणाऱ्यांना ती मिळत नाही, कारण पाण्यावरचे नाटक अखेर कोणाच्या दारात जाते हे त्याला माहीत असते. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत या खोल्या वस्तीतल्या नोंदणीकृत-अनोंदणीकृत सर्व गटांना, पाळीपाळीने, लेखी अर्जावर आणि नाममात्र शुल्कात मिळतील, आणि अर्ज नाकारायचा तर कारण लेखी द्यावे लागेल, एवढा ठराव महापालिकेने केला तरी मोठे काम होईल. त्यातले निदान तीन दिवस मुली-बायकांच्या गटांसाठी राखून ठेवावेत आणि त्या दिवशी बाहेरचा दिवा चालू असेल याची जबाबदारी विभागीय कार्यालयाने घ्यावी.

परवानगीचा प्रश्न राज्याच्या पातळीवरचा आहे, पण तोही इथे टोचतो. आपल्याकडे नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घेण्याची पद्धत १९५४ पासून आहे, आणि चौकात प्रयोग करायचा तर पोलिसांची व ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. जे नाटक वस्तीतल्या बाईने खुर्चीत बसून बदलले, जे उद्याच्या प्रयोगात दुसरी बाई आणखी बदलणार, त्याची पक्की संहिता कोण, कधी आणि कोणत्या तारखेची सादर करणार? मोर्च्यांची नेहमीची जागा असलेल्या पूनम गेटसमोर मोर्चा नेता येतो, घोषणा देता येतात, भाषण करता येते. पण त्याच मोर्च्यात दहा मिनिटांचे नाटक केले की ते ‘प्रयोग’ ठरून त्याला वेगळा कागद मागितला जाऊ शकतो. वस्तीत, विनातिकीट, ध्वनिक्षेपकाशिवाय होणाऱ्या सादरीकरणाला संहितेच्या पूर्वतपासणीतून स्पष्ट शब्दांत वगळावे, अशी मागणी नाट्य परिषदेच्या सोलापूरच्या शाखांनी लावून धरायला हवी. व्यावसायिक नाटकाच्या अनुदानासाठी आपण जितका आवाज लावतो त्याच्या निम्मा आवाज इथे लावला तरी चालेल.

नाट्यसंस्थांकडून आणखी एक अपेक्षा आहे, आणि ती खर्चाची नाही. वस्तीकडे गेलेल्या आपल्या माणसाला त्यांनी वर्षातून एकदा तरी दिग्दर्शनाला, अभिनयाला, निदान तालमीला परत बोलवावे. त्याला मोठ्या रंगमंचाची, प्रकाशयोजनेची, चांगल्या संहितेशी झगडण्याची गरज असते. तिच्याशिवाय त्याचे वस्तीतले काम तेच ते होत जाते. तो एकटा येणार नाही, त्याच्याबरोबर बिडी वळणाऱ्या दोन बायका आणि यंत्रमागावरची तीन पोरे येतील, त्यांचे उच्चार स्पर्धेच्या परीक्षकांच्या कानाला खटकतील, तेलुगू हेलाचे मराठी ऐकून काही जण गुणपत्रिकेत ‘भाषेवर मेहनत हवी’ असे लिहितील. त्या वेळी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी परीक्षकांसमोर जाऊन सांगावे की सोलापुरात मराठी अशीही बोलली जाते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच माणसे घेऊन स्पर्धेत उतरावे.